‘गेट’ हा दरिद्री शब्द नाही

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हाती हल्ली एक यादी हमखास पडते. मथळा थोड्याफार फरकाने असा: ‘गेट’ (get) वापरणं आजपासून बंद करा, त्याऐवजी हे पन्नास शब्द वापरा. खाली ऑब्टेन, अक्वायर, रिसीव्ह, प्रोक्युअर, फेच, बिकम, अरायव्ह, कॉम्प्रिहेंड अशी रांग. यादीखालचा वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, ‘गेट’ हा आळशी माणसाचा शब्द आहे, शब्दसंपत्ती नसली की तो तोंडात येतो. दुसरी बाजू म्हणते, हे जड शब्द म्हणजे निव्वळ देखावा. सोपा शब्द हाताशी असताना अवघड कशाला? पहिली बाजू दुसरीला अडाणी ठरवते, दुसरी पहिलीला दिखाऊ. वाद तिथेच विझतो आणि शिकणारा होता तिथेच राहतो.

मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि चूक एकच आहे. ‘गेट’ म्हणजे एक अर्थ, आणि यादीतले शब्द म्हणजे त्याच अर्थाची भारी किंवा हलकी वेष्टनं, असं दोघांनीही धरलेलं आहे. क्रियापदाला अख्खाच्या अख्खा समानार्थी शब्द नसतो. त्याच्या एकेका वापराला असतो, तोही कधीकधीच. म्हणून ‘गेट की ऑब्टेन?’ हा प्रश्नच फसवा आहे. आधी विचारायला हवं, कुठलं ‘गेट’?

मी इंग्रजी शिकवते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने सरावासाठी लिहिलेलं पत्र माझ्याकडे आलं. त्यात ‘आय ऑब्टेन्ड अ फीव्हर’ असं वाक्य होतं, आणि पुढे ‘इट अक्वायर्ड लेट’. मी त्याची आधीची वही मागवून पाहिली. तिथे प्रत्येक ‘गॉट’भोवती लाल गोल होता आणि समासात एकच शेरा: दुसरा शब्द वापरा. मुलाने अगदी तेच केलं होतं. त्याची मूळ वाक्यं, ‘आय गॉट अ फीव्हर’ आणि ‘इट गॉट लेट’, निर्दोष होती. बरोबर लिहिणाऱ्या मुलाला प्रयत्न करून चुकीचं लिहायला शिकवलं गेलं होतं, आणि त्याचं नाव होतं शब्दसंपत्ती वाढवणं. त्या वहीचा मला अजून त्रास होतो.

हे किती विपरीत आहे, ते आपल्याच भाषेतलं एक क्रियापद घेऊन पाहावं. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, दार लागतं, पत्ता लागतो, लग्न लागतं, चव गोड लागते, पोर रडू लागतं, कुणी कुणाच्या मागे लागतं, कुणी कुणाचा मामा लागतो, आणि मनात नसताना जावंही लागतं. आता समजा, मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला कुणी सांगितलं की ‘लागणे’ हा कंगाल शब्द आहे, त्याऐवजी ‘स्पर्श होणे’, ‘आवश्यक असणे’, ‘प्रारंभ करणे’ वापरा. तो बिचारा ‘मला भूक स्पर्श झाली’ म्हणेल. आपण त्याला शब्दसंपन्न म्हणू का? आपण म्हणू, याला अजून मराठी आलेली नाही. एवढी साधी गोष्ट स्वतःच्या भाषेत आपल्याला लख्ख दिसते. मग दुसऱ्याच्या भाषेपाशी गेल्यावर ती का दिसेनाशी होते?

‘गेट’ नेमकं काय करतं, ते बघायला मराठी फार उपयोगी पडते. मराठीत ‘मला बक्षीस मिळालं’ आणि ‘मी बक्षीस मिळवलं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात मी केवळ पोहोचण्याचं ठिकाण, दुसऱ्यात प्रयत्न करणारी व्यक्ती. ‘मला’ की ‘मी’, ‘मिळणे’ की ‘मिळवणे’, हे ठरवल्याशिवाय मराठी वाक्य पुढे सरकतच नाही. इंग्रजी ‘आय गॉट अ प्राइज’मध्ये हा निर्णय घ्यावाच लागत नाही. गोष्ट माझ्यापर्यंत आली, एवढंच ते क्रियापद सांगतं. कष्टाने आली की आपसूक, याबद्दल ते मौन पाळतं. ‘रिसीव्ह’ म्हटलं की मी हात पुढे करून उभी आहे, देणारा दुसरा कुणी. ‘अर्न’ म्हटलं की घाम आला. ‘ऑब्टेन’ म्हटलं की प्रयत्न आला, बहुधा अर्ज, परवानगी किंवा एखादी प्रक्रियाही आली. म्हणजे ‘गेट’ काढून दुसरा शब्द घातला की वाक्य उंची होत नाही, ते जास्त बोलतं. ते जास्तीचं बोलणं खरं असेल तर उत्तम. पण खरं नसेल, किंवा आपल्याला ते सांगायचंच नसेल तर?

हेच क्रियापद ‘होणे’च्या जागीही उभं राहतं: गेट ओल्ड, गेट टायर्ड, गेट अँग्री. इथे ‘बिकम’ चालतं, हे खरं. पण ‘बिकम’ बदलाकडे दुरून पाहतं, ‘गेट’ तो जवळून अनुभवतं. ‘गेट अप’, ‘गेट होम’ यांत ते हालचाल दाखवतं. ‘आय गेट इट’मध्ये कळणं, ‘आय हॅव गॉट टू गो’मध्ये सक्ती, आणि गंमत पाहा, त्या सक्तीसाठी आपण ‘मला जावं लागतं’ म्हणतो, पुन्हा तेच बहुरूपी ‘लागणे’. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे मी त्याला सही करायला लावली. तिथेही ‘लावणे’! परस्परांशी फारसं नातं नसलेल्या दोन भाषांमधली दोन रोजची क्रियापदं फिरत फिरत एकाच कामांपर्यंत येतात, तेव्हा तो शब्दांचा आळस नसतो. कुठल्याही भाषेला अशा काही क्रियापदांची गरज पडते, जी फार थोडं बोलून पुष्कळ जागा भरतात.

आता विरोधी बाजूचं म्हणणं, आणि तेही त्याच्या सर्वांत बळकट रूपात. ‘गेट’ मोघम आहे आणि मोघमपणा महागात पडू शकतो, हे मी पूर्ण मान्य करते. करारात ‘कंपनी विल गेट द लँड’ असं लिहिलं, तर जमीन विकत घेणार, भाड्याने घेणार की दान म्हणून स्वीकारणार? तिथे ‘परचेस’ किंवा ‘लीज’ लिहायलाच हवं. प्रयोगाचा अहवाल लिहिणाऱ्याने आकडे मोजले की काढले की कुणाकडून घेतले, हे सांगितलं पाहिजे. ‘वुई गॉट दीज फिगर्स’ पुरेसं नाही. जिथे ‘कसं’ हाच मुद्दा आहे, तिथे ‘कसं’बद्दल गप्प राहणारं क्रियापद कुचकामी ठरतं. एकाच परिच्छेदात दहा वेळा ‘गॉट’ आला तर वाचणारा कंटाळतो, हेही खरं. पण यातून काय सिद्ध होतं? करारात ‘गेट’ नको, इतकंच. आईला लिहिलेल्या पत्रात ‘आय गॉट युअर लेटर’ नको, हे यातून निघत नाही. एका जागी शब्द अपुरा पडला म्हणून तो सगळीकडे अपुरा ठरवायचा असेल, तर ‘परचेस’ही काढून टाकावा लागेल, कारण ताप कुणी विकत घेत नाही.

‘गेट’ हलका आणि ‘ऑब्टेन’ भारी, ही भावना आली कुठून, तेही पाहायला हवं. ती अर्थातून आलेली नाही, इतिहासातून आलेली आहे. ‘गेट’ इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून इंग्रजीत शिरला. त्या भाषेतलं, म्हणजे जुन्या नॉर्समधलं, त्याचं रूप ‘गेटा’. त्याच कुळातला धातू जुन्या इंग्रजीतही होता, पण एकटा नव्हे, उपसर्गासोबत. आजचे ‘फर्गेट’ आणि ‘बिगेट’ हे त्याचेच वंशज: हातातून निसटणं म्हणजे विसरणं, आणि संतती मिळवणं म्हणजे ‘बिगेट’. इंग्रजीतली सर्वाधिक वापराची दहा क्रियापदं काढली तर बी, हॅव, डू, से, गेट, मेक, गो, नो (know), टेक, सी अशी यादी निघते. त्यातली ‘गेट’ आणि ‘टेक’ नॉर्समधून आलेली, बाकीची जुन्या इंग्रजीतली, आणि फ्रेंच-लॅटिनमधून आलेलं एकही नाही. ‘टेक’ने तर ‘निमन’ या मूळच्या इंग्रजी क्रियापदाला घराबाहेर काढलं. त्याची खूण आज ‘नम’सारख्या शब्दांत उरली आहे, म्हणजे बधिर, संवेदना ‘घेतली गेलेला’. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर राजदरबार, न्यायालय आणि उच्चवर्ग यांची भाषा फ्रेंच झाली, विद्येची आणि धर्मपीठाची भाषा लॅटिन होतीच. ऑब्टेन, रिसीव्ह, अक्वायर, प्रोक्युअर हे सगळे त्या वाटेने आले. म्हणजे ‘ऑब्टेन’चं वजन हे अर्थाचं वजन नाही, ते सिंहासनाचं वजन आहे. ज्या लाल गोलाने त्या मुलाला घाबरवलं, त्यात साडेनऊशे वर्षांपूर्वीची एक हार-जीत अजून जिवंत आहे.

मग दुसऱ्या टोकाच्या लोकांसारखं म्हणायचं का, की परके शब्द हाकला आणि साधं बोला? हाही प्रयोग झालेला आहे. सोळाव्या शतकात लॅटिन शब्दांचा पूर आला, तेव्हा त्यांना ‘इंकहॉर्न’ शब्द, म्हणजे शाईच्या दौतीतून उपसलेले शब्द, असं हिणवलं गेलं. विद्वान सर जॉन चीक यांनी १५५७ मध्ये लिहिलं की आपली भाषा स्वच्छ आणि शुद्ध लिहावी, इतर भाषांच्या उसनवारीने बिघडवू नये. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करताना त्यांनी शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्यासाठी ‘सेंच्युरियन’ टाळून ‘हंड्रेडर’ घडवला. त्यांचे असे शब्द रुजले नाहीत, उसने शब्द मात्र पुष्कळसे टिकले. का टिकले? त्यांना स्वतःचं काम मिळालं म्हणून. ‘रिसीव्ह’ला पाहुण्यांचं स्वागत करण्याचं काम मिळालं, ‘अक्वायर’ला हळूहळू जमवण्याचं, मग ते भाषेचं ज्ञान असो वा अंगवळणी पडलेली सवय. दोन शब्द एकाच अर्थासाठी भाषेत फार काळ शेजारी राहत नाहीत. एकतर एक मरतो, नाहीतर दोघे काम वाटून घेतात. समानार्थी शब्दांच्या याद्या ही वाटणीच पुसून टाकतात, म्हणून मला त्या नकोशा वाटतात.

सोपेपणाचा सर्वांत मोठा प्रयोग विसाव्या शतकातला. इंग्रज भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं: एकूण ८५० शब्द आणि क्रियापदं फक्त १८. ‘गेट’ त्यात अर्थातच होतं. ‘एंटर’ नको, ‘गो इन’ म्हणा; ‘ऑब्टेन’ नको, ‘गेट’ म्हणा. चर्चिल यांनी १९४३ मध्ये हार्वर्डच्या भाषणात त्याची जाहीर भलामण केली. कल्पना किती मोहक! पण जमाखर्च खोटा होता. ‘गेट’ एकदा मोजला, ‘ओव्हर’ एकदा मोजला, आणि ‘गेट ओव्हर’ फुकटात मिळाला असं धरलं. प्रत्यक्षात ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुःखातून सावरणं, हे ना ‘गेट’वरून कळतं ना ‘ओव्हर’वरून. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणं, ‘गेट अवे विथ’ म्हणजे गैर करूनही सुटणं. हे प्रत्येक जोडकाम वेगळं शिकावं लागतं. शब्द ८५० राहिले, ओझं मात्र दारातून बाहेर काढून खिडकीतून आत आलं. रूझवेल्ट यांनी १९४४ मध्ये चर्चिलना एका पत्रात विचारलं होतं की १९४० साली तुम्हाला ब्रिटिश जनतेपुढे ‘रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम’ऐवजी ‘रक्त, काम, डोळ्याचं पाणी आणि चेहऱ्याचं पाणी’ एवढंच ठेवता आलं असतं, तर इतिहास कसा घडला असता? अश्रू आणि घाम यांना बेसिक इंग्लिशमध्ये शब्दच नव्हते. ‘सोपं तेच पुरेसं’ म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. सोपा शब्द सोपा असतो तो ज्याला त्याच्या सगळ्या गल्ल्या ठाऊक आहेत त्याला. परक्याला ‘ऑब्टेन’च सोपा. त्याला एकच दार आहे.

या बाबतीत आपल्याकडचे जुने व्याकरणकार आजच्या यादीकारांपेक्षा कितीतरी पुढे होते, असं मला मनापासून वाटतं. संस्कृतात पर्यायशब्दांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे अमरकोश. त्याचं खरं नाव ‘नामलिंगानुशासन’. नामं आणि त्यांची लिंगं हा त्याचा विषय. सूर्याला, पाण्याला, कमळाला किती शब्द, हे तिथे श्लोकांत पाठ करता येतं. क्रियापदांचं मूळ असलेले धातू वेगळ्या ठिकाणी, धातुपाठात. तिथे सुमारे दोन हजार धातू आहेत आणि प्रत्येकापुढे अर्थदर्शक असे एक-दोन शब्द, ‘भू सत्तायाम्’ या धर्तीवर. पण परंपरेने लगेच बजावून ठेवलं: ‘अनेकार्था हि धातवः’, धातूंना अनेक अर्थ असतात, पुढे दिलेला शब्द ही नुसती खूण आहे. शिवाय हा श्लोक:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, ‘हृ’, म्हणजे नेणे. त्यातून मारणं, खाणं, नाश, फिरणं आणि टाळणं असे पाच अर्थ. ‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’, ‘गेट अलाँग’ शिकवणाऱ्याला याहून चांगला धडा कुठे मिळेल? फरक इतकाच की संस्कृतात तुकडा आधी चिकटतो, आजच्या इंग्रजीत तो मागे सुटा राहतो. जुन्या इंग्रजीत तोही पुष्कळदा धातूच्या आधी असायचा, ‘फर्गेट’ त्याचा साक्षीदार. सूर्याला रवी म्हणता येतं आणि फारसं बिघडत नाही, कारण आकाशातली वस्तू तीच राहते. क्रियापदाचं तसं नाही. ते वाक्यात कुणाला कर्ता करतं, कुणाला कर्म करतं, मागे काय ओढतं, यातच त्याचा निम्मा अर्थ असतो. नामासाठी बनलेली यादीची सवय क्रियापदावर लादणं ही मूळ गफलत आहे.

कोशकारांनाही हे उमगायला वेळ लागला. रॉबर्ट कॉड्री यांचा १६०४ चा शब्दकोश पहिला एकभाषिक इंग्रजी कोश मानला जातो. त्यात फक्त ‘कठीण’ शब्द होते. ‘गेट’सारखा शब्द सांगायचा कशाला, तो तर सगळ्यांनाच येतो, अशी त्या काळची समजूत. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सन यांनी आपला कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी गेट, गिव्ह, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक अशा क्रियापदांची नावं घेऊन कबुली दिली की यांचा पाठलाग करणं फार दुष्कर होतं, कारण यांचे अर्थ फार सैल आणि फार पसरलेले आहेत. एकट्या ‘टेक’ला त्यांनी शंभराहून अधिक अर्थ दिले. पुढे ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने तिला मागे टाकलं. ‘रन’च्या क्रियापदरूपाचे सहाशेहून अधिक अर्थ निघाले आणि एका संपादकाचे नऊ महिने त्यातच गेले. ज्या शब्दाला जगातल्या निष्णात कोशकाराचे नऊ महिने लागतात, तसल्याच दुसऱ्या एका शब्दाला आपण ‘कमकुवत’ म्हणून खोडतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: मग पीटर रॉजेट यांच्यासारख्या विद्वानाने आयुष्यभर समानार्थी शब्द जमवले, ते व्यर्थ का? मुळीच नाही. रॉजेट वैद्य होते. १८०५ मध्ये स्वतःच्या वापरासाठी सुरू केलेली टिपणं त्यांनी १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ग्रंथरूपाने छापली. पण त्यांनी शब्द एक हजार कल्पनांखाली लावले आणि प्रस्तावनेत स्पष्ट केलं की सारख्या दिसणाऱ्या शब्दांतले भेद समजावणं हे या ग्रंथाचं काम नाही. तो ग्रंथ शब्द माहीत असलेल्या पण ऐनवेळी न आठवणाऱ्या माणसासाठी आहे. आपण तो शब्द माहीत नसलेल्या माणसाच्या हातात ठेवला. ज्याला भेद शिकायचे होते त्याच्यासाठी वेगळी परंपरा होती. हेस्टर लिंच पिओझी यांनी १७९४ मध्ये दोन खंडांत ब्रिटिश समानार्थी शब्दांची चर्चा केली, तीही रोजच्या बोलण्यात शब्द कसा निवडावा यासाठी आणि परक्यांना नजरेसमोर ठेवून. त्यांचे पती इटालियन होते. पिओझी शब्दांची रांग लावत नाहीत, एका शब्दाच्या जागी दुसरा का बसत नाही ते सांगत बसतात. आज रांग उरली, सांगणं गेलं.

परीक्षेचा मुद्दा टाळता येणार नाही, कारण याद्या विकल्या जातात त्या त्याच नावाने. इंग्रजीची पारख करणाऱ्या आयेल्ट्ससारख्या (IELTS) परीक्षेत लेखनाच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपदेचा आहे, हे खरं. मुलांना गुण हवेत, त्यांची आयुष्यं त्यावर ठरतात. त्यांना ‘गुणांचा विचार करू नका’ असं सांगायचा मला अधिकार नाही. पण तो निकष वाचावा तरी! वरच्या श्रेणींत तिथे कमी वापरातले शब्द मागितले आहेत ते नेमकेपणासह, शैलीचं आणि शब्दांच्या सहवासाचं भान ठेवून. ‘ऑब्टेन्ड अ फीव्हर’मध्ये कमी वापरातला शब्द आहे, भान नाही. म्हणजे ज्या परीक्षेसाठी यादी पाठ केली, त्याच परीक्षेत ती गुण घालवते.

आणि ‘गेट’मध्ये नेमकेपणा नसतो हे तरी खरं आहे का? ‘ही वॉज अरेस्टेड’ आणि ‘ही गॉट अरेस्टेड’ ही दोन वाक्यं घ्या. पहिलं निव्वळ घटना सांगतं. दुसऱ्यात त्या माणसावर काहीतरी ओढवलं, बरेचदा त्याच्याच कुठल्याशा कृतीमुळे, अशी छटा येते. ‘ही गॉट हिमसेल्फ अरेस्टेड’ म्हटलं की ती छटा आरोपच होते. ‘द हाउस वॉज सीन’ म्हणता येतं, ‘द हाउस गॉट सीन’ कानाला खटकतं, कारण पाहिल्याने घरावर काही ओढवत नाही. हा भेद दाखवणारा दुसरा कुठला शब्द त्या पन्नासांत आहे? अमेरिकन इंग्रजीत ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली आहे. ‘गॉटन’ हे जुनं रूप ब्रिटनमध्ये प्रमाण भाषेतून गळलं, अमेरिकेत टिकलं आणि कामाला लागलं. असणं आणि मिळवणं यांतली रेघ एका अक्षराच्या शेपटाने ओढणारा शब्द दरिद्री कसा?

परक्यांना इंग्रजी शिकवण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, ते याच निष्कर्षाला आले. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. क्रियापदं वाक्यात कोणत्या साच्यांत बसतात, याचे पंचवीस नमुने त्यात होते. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा प्रसिद्ध कोश त्यातूनच उभा राहिला. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोबिल्ड कोश आला. त्याने शब्दापुढे शब्द ठेवणं सोडलं आणि अर्थ पूर्ण वाक्यांत सांगायला सुरुवात केली, कारण क्रियापद वाक्याबाहेर काढलं की पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं होतं. भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटलंच होतं की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून.

शिकवताना मी आता याच वाटेने जाते. ‘गेट’ दिसला की त्याच्यामागे काय आलं आहे ते आधी पाहायला लावते: वस्तू, विशेषण, ठिकाण, माणूस आणि ‘टू’, की आणखी काही. वस्तू असेल तर विचारते, ती कशी आली हे तुला सांगायचं आहे का? सांगायचं असेल तर ‘बाय’, ‘अर्न’, ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’ यांतला एकेक घालून पाहायचा आणि वाक्याने जास्तीचं काय म्हटलं ते मराठीत सांगायचं. ‘मिळालं’ की ‘मिळवलं’ हा एक प्रश्न तर यादीतल्या निम्म्या शब्दांचा निवाडा करतो. विशेषण असेल, तर ‘अक्वायर’कडे बघायचंसुद्धा नाही. यात वेळ जातो. एका तासात पन्नास शब्द होत नाहीत, कधीकधी चारही होत नाहीत. ‘ऑब्टेन’ शिकायलाच हवा. परवाने, नियम, शोधनिबंध वाचायचे तर त्याच्याशिवाय चालणार नाही. पण तो त्याच्या स्वतःच्या जागी शिकायचा, ‘गेट’च्या जागी नव्हे.

त्या मुलाने काही महिन्यांनी दुसरं पत्र लिहिलं, या वेळी आजीला. तिला इंग्रजी येत नव्हतं. तरी त्याने ते इंग्रजीतच लिहिलं होतं. पत्रात होतं की सोमवारी तुझं पत्र मिळालं, थंडी वाढत चालली आहे, ताईला मी हे पत्र तुला वाचून दाखवायला राजी केलं आहे, आणि तुझा खोकला बरा होतो आहे हे ऐकून हायसं वाटलं. चार वाक्यं, चार ‘गेट’: एक मिळण्याचं, एक होत जाण्याचं, एक करवून घेण्याचं, एक बरं होण्याचं. पाचव्या वाक्यात मात्र ‘ऑब्टेन’ होता: शाळेने सहलीसाठी वनखात्याची परवानगी घेतली आहे. मी पाचही वाक्यं दोनदा वाचली आणि पेन खाली ठेवलं.